गाळलेल्या तीन ओळी

रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

रहस्यकथा आज संपली आणि आमच्या वाचनमंडळात नुसती रणधुमाळी! खून दिवाणजीने केला. गुप्तहेर म्हणतो, भर पावसातून आलेल्या माणसाची छत्री कोरडी कशी? बळीराम उठून उभाच राहिला. "छत्री? कोनती छत्री? देवरावभाऊ, इतके रविवार तुम्ही वाचून राहिले, छत्रीचं नाव नाई आलं!" सुखराम म्हणाला, "लेखकानं आपल्याले बनवलं." मग सगळ्यांनी मिळून लेखकाला शिव्या घातल्या. ज्याचा अंदाज चुकेल त्याने पुढच्या रविवारी चिवडा आणायचा, असा आमचा नियम. आज सगळेच चुकले. शेषराव तेवढे गप्प होते. जाताना पुस्तक काखेत घालून घेऊन गेले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

शेषराव सकाळीच आले. गावच्या शाळेत आम्ही एका पाटीवर लिहिलेलं. आता ते रेल्वेत पार्सलबाबू, मी प्लांटात क्रेनवर. पान अठ्ठ्याऐंशी माझ्यापुढे धरून त्यांनी बोट ठेवलं. मला नुसता करडा पट्टा दिसला. मग त्यांनीच वाचलं. तीन ओळी. छत्री त्यातच होती.

"देवराव, हे तुम्ही वाचलंच नाही."

खरं ते सांगून टाकलं. दिवाळीपासून डोळ्यांपुढे धुकं आहे. गावच्या देवळात वीस वर्षं पोथी वाचली. पोथी डोळे मिटूनही वाचता येते, ओव्या तोंडातच असतात. खुनाच्या गोष्टीत पुढची ओळ कोणाला पाठ असते? जिथे दिसत नाही तिथे गाळतो. कधी मनचं घालतो. कोणाला कळलं नाही!

"पुस्तकाचं जाऊ द्या. क्रेनचं काय? खाली सुखराम हूक लावून राहते. आपणहून जाऊन डोळे दाखवा."

"क्रेन माझ्या हाताला पाठ आहे," मी म्हणालो. आणि पोथीवर त्यांचा हात ठेववून घेतला—कोणाला सांगणार नाही म्हणून. त्यांनी ठेवला, पण जड मनाने.

बुधवार, १५ फेब्रुवारी

तुळशीला पाणी घालत होतो. वच्छलाने दारातून विचारलं, "कडुनिंबावर कोण बसलं जी?" "कावळा," म्हणालो. ती आत गेली. दुपारी सुखरामच्या मथुराकडे जाऊन आली. मथुराला सातवा लागला. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

सोमवार, २० फेब्रुवारी

काल पाळीमुळे मंडळ भरलं नाही, चिवडा पुढच्या रविवारी. आज दवाखान्यातून बोलावणं. डोळे तपासायचे. आमच्या पाळीत क्रेनवाले सहा, बोलावलं मला एकट्याला!

मंगळवार, २१ फेब्रुवारी

क्रेन गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल, पण पुन्हा वर चढायचं नाही. उद्यापासून स्टोअर. केबिनमधला मारुतीचा फोटो काढून खिशात घातला आणि शिडी उतरलो. खाली सुखराम उभा होता. "आता माले वरून शिव्या कोन देईल, भाऊ?" हसायला गेला, जमलं नाही.

घरी येऊन गुप्तहेराच्या रीतीने विचार केला. हे माहीत कोणाला? दोघांना. त्यातला एक मी.

रविवार, २६ फेब्रुवारी

मंडळ जमलं. पाटावर बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "आज वाचन नाही. गुन्हेगार याच खोलीत बसला आहे."

बळीरामला वाटलं नवीन गोष्ट सुरू झाली. "थांबा भाऊ, आधी मी सांगतो—माळी!"

मी शेषरावांकडे बोट दाखवलं. सगळं सांगितलं. डोळ्यांचं, छत्रीचं, पोथीवरच्या हाताचं. "पोथीवर हात ठेवून फिरला हा माणूस."

"काका, खरं हाय का हे?" सुखरामने विचारलं.

शेषराव उठले. मग टोपी घातली, चपला शोधल्या. दारात इतकंच म्हणाले, "चिवडा खाऊन घ्या रे. शिळा होईल."

स्वतःच्या बाजूने एक शब्द नाही! निदान खोटं तरी बोलायचं होतं.

गुरुवार, २ मार्च

जपाला बसतो, मन लागत नाही. माळेचा मणी हातात आणि डोळ्यांपुढे ती टोपी. चाळीस वर्षांचा मित्र असा कसा निघाला? परक्याने केलं असतं तर विसरलो असतो.

जेवताना वच्छला म्हणाली, "शेषरावाले बोलाले नव्हतं पाहिजे." मी ताटावरून उठलो. "तुला काय कळतं त्यातलं!"

शनिवार, ४ मार्च

बदलीच्या कागदावर सही करायला ऑफिसात गेलो. फायलीत वरच एक अर्ज होता. अक्षर शेषरावांचं. ते वळण मी धुक्यातूनही ओळखतो. सापडला! बाबूला म्हणालो, खाली सही कोणाची, तेवढं वाचून दाखवा.

"सही कहाँ, अंगूठा है। आपके घर से ही तो आया है—वच्छलाबाई।"

घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "त्या दिवशी कडुनिंबावर काय होतं?"

तिचे हात थांबले नाहीत. "माह्या हिरव्या लुगड्याचं फडकं. म्याच बांधलं होतं."