वाजवून घेतलेली गाडी

तीर्थरूप दाजी,

कमरेला झेपेल इतका वाकून नमस्कार. (उरलेला भेटीत पुरा करीन.) तुमचा खोकला आणि ताईचा राग हे दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे. दोन्ही टिकून असतील तर आधी खोकल्याकडे बघा. ताईचा राग मी तिचा धाकटा भाऊ म्हणून जन्माला आल्यापासून ओळखतो, त्याला औषध नाही. इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे आम्ही दोघंच, आणि ठीक आहे तो हिचा गुडघा. माझं मात्र काही खरं नाही, आणि तेच सविस्तर सांगायला बसलो आहे, तेव्हा चष्मा लावून, पाणी जवळ घेऊन वाचावं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हिला स्कूटरची साफ बंदी केली हे तुम्हाला ठाऊक आहेच. चाला म्हणाले, पोहा म्हणाले, पण स्कूटरवर बसलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका म्हणाले. (मला ही धमकी कमी आणि सवलत जास्त वाटली.) आता हिचा शिवणवर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे, आणि बस वळते पुलाच्या अलीकडे. वर्गाला कुलूप लागलं आणि नेमकं तेव्हाच समोरच्या इमारतीत दुसऱ्या एका बाईंनी शिवणवर्ग थाटला. तिथे मशिनं विजेवरची, पंखे नवे. हिच्या वर्गातल्या दोन हुशार मुली तिकडे गेल्या. ही रडली नाही, पण रोज संध्याकाळी खिडकीशी बसून न फाटलेल्या कपड्यांना रफू करायला लागली. शेवटी एक दिवस म्हणाली, एक तारखेला मी वर्ग उघडणार, तुम्ही गाडीने नेलंत तर गाडीने, नाहीतर पायी. ही बोलते ते करते. पुलावर लंगडत चाललेली ही आणि मागून पिशवी घेऊन चाललेला मी, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी गाडी घ्यायचं ठरवून टाकलं.

ठरवेपर्यंत सोपं असतं. त्यानंतर सल्ला द्यायला सारं गाव मोकळं होतं. शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणाले, गाडी घेतानाच बघायचं, विकताना तिला किंमत काय येईल. (हे म्हणजे जावई पसंत करताना तो परत पाठवायला सोपा आहे ना, हे बघण्यासारखं झालं.) माझा न्हावी म्हणाला, कोपऱ्यावरच्या गॅरेजात ज्या कंपनीच्या गाड्या जास्त उभ्या दिसतात ती कंपनी टाळा. गॅरेजवाला म्हणाला, तीच घ्या, तिचे सुटे भाग माझ्या हाताशी असतात. कारखान्यातला जुना सोबती म्हणाला, लिटरमागे किती धावते तेवढंच विचार. पण कंपनी सांगते तो आकडा, मालक सांगतो तो आकडा आणि गाडी खरंच धावते तो आकडा, हे तिघे सख्खे भाऊ असून एकमेकांशी बोलत नाहीत असंही तोच म्हणाला. कुणाला गाडीतला नकाशाचा पडदा मोठा हवा, कुणाला डिकी मोठी हवी. एकाने तर गाडीचा रंग मळखाऊ आहे ना एवढंच बघायला सांगितलं, आणि खरं सांगू, सगळ्यांत त्याचंच म्हणणं मला थोडंफार पटलं होतं. पण ऐकावं जनाचं, करावं मनाचं. माझी स्वतःची एक रीत आहे.

ती रीत तुम्ही जाणता. उभा जन्म मी कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. भट्टीतून निघालेला कप उचलायचा, मधल्या बोटाच्या सांध्याने हलकेच ठोकायचा. खण्ण वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर आत तडा आहे, टाक बाजूला. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला दिसतो. या एका बोटावर मी आजवर माठ, कलिंगडं, भिंती, नळ आणि आमच्या साहेबांचं नवं टेबलसुद्धा पारखलं आहे. (टेबल बद्द वाजलं होतं. पुढे मोडलं. साहेब थोडक्यात वाचले.) तेव्हा गाडी तेवढी न वाजवता घेईन, हे कसं शक्य होतं? ही म्हणाली, मला चढता-उतरता आलं म्हणजे झालं, वाजवायचं काय त्यात? मी हिला घरीच ठेवलं. परीक्षा घेताना परीक्षकाबरोबर बायको नको.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. पत्र भलत्याच्या हाती पडलं तर उगाच खटला नको. गाडीच्या नाकावर जे चित्र असतं त्यावरून आपण मासा, कासव आणि पतंग म्हणू. (कासव म्हणजे तुमच्या गाडीची कंपनी, दाजी. जरा ताठ बसून वाचा.) पहिल्यांदा गेलो माशाकडे. टाय बांधलेल्या विक्रेत्याने मला आत बसवून पडद्यावर ढग, नकाशा, गाणी, मागून येणारं कुत्रं असं काय काय दाखवलं. मी खाली उतरून बंपर वाजवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा वाजवला. मेल्यासारखा गप्प. विचारलं तर म्हणे प्लॅस्टिकचा आहे. जी वस्तू मुळात आपटायलाच बसवली आहे ती प्लॅस्टिकची? तर म्हणे, मऊ असते म्हणून आतला माणूस वाचतो. मी म्हटलं, मग सबंध गाडीच गादीची का नाही करत? त्यावर त्यांनी मला एक रंगीत पुस्तक दिलं आणि दार उघडून धरलं, गाडीचं नव्हे, दुकानाचं.

मग कासव. इथला विक्रेता वयाने मोठा, बोलायला गोड. मी बोट उगारायच्या आधीच त्याने गाडीचं दार लावून दाखवलं आणि अभिमानाने म्हणाला, ऐकलंत? धप्प! मी म्हटलं, ऐकलं. कधीपासून आहे हे? त्याला कळेना. मी स्वतः दार वाजवलं, बद्द. छप्पर, बद्द. चारही बाजू बद्द. इतकी तडकलेली वस्तू मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाहिली नव्हती. तो कळवळून सांगत होता की पत्रा जाड आहे, आत आणखी एक थर आहे, म्हणून आवाज असा येतो, यालाच लोक पैसे मोजतात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बाबा रे, तडा लपवायला आमच्याकडेही लोक रंगाचा जाड थर देत. मागे एक जोडपं सही करायला पेन उघडून बसलं होतं. नवऱ्याने पेन मिटलं. बायकोने मला हळूच विचारलं, तुम्ही कंपनीचे तपासनीस का? मी होय म्हटलं. (कोणत्या कंपनीचा ते तिने विचारलं नाही, आणि खोटं मी कुठे बोललो?) जोडपं निघून गेलं. मॅनेजर धावत आला, मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. सवयीने मी कप वाजवला. बद्द. तो मी परत केला तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं हसूही गेलं.

आणि शेवटी पतंग. दाजी, काय सांगू! दार वाजवलं, खण्ण. बॉनेट, खण्ण. छपरावर टिचकी मारली तर नाद विरेपर्यंत मी डोळे मिटून उभा होतो. किंमत तिघांत कमी, गाडी तिघांत हलकी, आणि तडा म्हणून कुठे नाही. विक्रेत्याचं इतकं कौतुक बहुधा जन्मात कुणी केलं नसावं. तो बिचारा स्वतःच गाडी वाजवून बघू लागला. मी त्याच दिवशी सही केली आणि महिना संपायच्या आत गाडी दारात आणून उभी केली.

पुढचं लिहायला हात जड होतो. हिला घेऊन पहिली फेरी मारायला निघालो. गल्लीत होतो तोवर बरं होतं. खडीच्या रस्त्याला लागलो आणि गाडी बोलू लागली. प्रत्येक खडा खालून टण्ण. खड्डा आला की चारी दारं एकदम. ही काहीतरी सांगत होती, मला फक्त ओठ हलताना दिसत होते. (लग्नानंतर इतकी शांतता मी प्रथमच अनुभवली, पण तिचा आनंद घेण्याजोगी मनःस्थिती नव्हती.) घरी पोहोचल्यावर उतरताना हिने गुडघा सांभाळायला तळहात दारावर टेकला. पत्रा आत गेला. हात काढला तर टण्णकन बाहेर आला. ही तशीच उभी राहून गाडीकडे बघत राहिली. मी घाईघाईने म्हटलं, पण आवाज ऐकलास ना? बद्द कुठेच नाही.

तेव्हा ही म्हणाली, "अहो, तडा गेलेला कप बद्द वाजतो ते खरं. पण भरलेला कप तरी कुठे खण्ण वाजतो?"

मी स्वयंपाकघरात गेलो. एक चांगला कप घेतला, वाजवला, खण्ण. पाण्याने काठोकाठ भरला, वाजवला. दाजी, आवाज पार बसला. इतकी वर्षं कारखान्यात मी रिकामेच कप वाजवत आलो. भरलेला कप वाजवून बघायची वेळच कुणी आणली नाही. गाडी परत घ्यायला पतंगवाले तयार नाहीत. त्यांचा विक्रेता मला म्हणाला, साहेब, तुम्हीच तर वाजवून घेतलीत. लाज वाटली, आणि हिच्यासाठी वाईट वाटलं ते त्याहून जास्त. उद्या एक तारीख. वर्गाच्या दारात ही असल्या डब्यातून उतरली तर समोरच्या बाई आणि गेलेल्या मुली खिडकीतून हसतील. म्हणून मी हिला वर्गाअलीकडच्या वळणावरच उतरवायचं म्हणतो.

ताईला नमस्कार सांगा, पण पत्र वाचायला देऊ नका.

तुमचा,
कानाने मार खाल्लेला मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. ताईकडून कळलं की तुम्ही नवी गाडी घ्यायचं मनात आणता आहात. मग ते जुनं कासव आम्हाला द्या आणि आमचा कोरा करकरीत पतंग तुम्ही घ्या. नव्याच्या बदल्यात जुनं कोण मागतो? मी मागतो, कारण माणसं महत्त्वाची. तुमच्या कासवाला मी आजवर जे जे बोललो ते सगळं बिनशर्त मागे घेतो.

आणखी ता. क. आवाजाचा तुम्हाला त्रास होणार नाही. हल्ली तुम्हाला कमी ऐकू येतं असं ताईच सांगत होती. कंपनीने जणू तुमच्यासाठीच गाडी काढली आहे.

दाजी, हे मी लिहिते आहे. यांनी काल पत्र लिहून पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही जागा वापरते. आज सकाळी हे मला वळणावर उतरवायला लागले, मी उतरलेच नाही. म्हटलं, दारापर्यंत चला. मला सोडलं आणि तोंड लपवून लगेच निघून गेले, त्यामुळे पुढचं यांना माहीत नाही. वर्गासमोर सगळी खडीच आहे. गाडी असा गजर करत आली की समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मी कुलूप काढते आहे तोवर माझ्या मुली धावत आल्या, बाई आल्या, बाई आल्या करत, आणि पाठोपाठ तिकडे गेलेल्या त्या दोघीही आल्या. उद्यापासून त्या इकडेच बसणार आहेत. म्हणत होत्या, कळलंच नाही हो तुम्ही परत येणार ते, नाहीतर गेलोच नसतो. तुमचं कासव आलं असतं तर आजही कुणाला कळलं नसतं. तेव्हा कृपा करून यांना 'जमत नाही' एवढंच उत्तर पाठवा, आणि जमलं तर जरा रागावून.