नकाशावरची हिरवी गल्ली

बुधवार, १२ तारीख

ती. बाबांना,

नमस्कार. मनापासूनच, पण दातओठ खाऊन.

रोज फोन करणाऱ्या मुलीला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता, आई शेजारी बसलेली असते, आणि मी मुद्द्यावर यायच्या आत ‘आमचं इथं सगळं झकास’ म्हणून तुम्ही मोकळे होता. पत्र मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

आई कशी आहे? तिचं श्वासाचं मशीन नीट चालतंय ना? त्याची जाळी धुवायची असते, ती धुताय की नुसतं ‘हो हो’ म्हणताय? आम्ही सगळे मजेत. तुमच्या नातीने केस अगदी कानापर्यंत कापून घेतलेत. फोटो पाठवते, ओरडू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नवा कायदा आलाय हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. यापुढे प्रत्येक वीज कंपनीने आपलं जाळं कसं आणि कधी आधुनिक करणार याचा दहा वर्षांचा आराखडा करायचा. कुठल्या जुन्या तारा आधी बदलणार, कुठले ट्रान्सफॉर्मर, एका बाजूने वीज गेली तर दुसऱ्या बाजूने आपोआप यावी अशी सोय कुठे करणार, सगळं. तो लोकांपुढे मांडायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं, मग वीज नियामक आयोगाची मंजुरी. आजवर आमची कंपनी ‘जळलं की बदलू’ एवढ्याच आराखड्यावर चालली, हे तुम्ही दुरुस्ती विभागात जन्म काढलात, तुम्हाला मी काय सांगणार? कायदा आला आणि हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. चला, कोणीतरी कान धरला एकदाचा!

तो आनंद पहिल्या मीटिंगपर्यंत टिकला. आमचे साहेब म्हणाले, “मॅडम, आराखडा म्हणजे काय हो? एक छान रंगीत नकाशा आणि वर चांगलीशी प्रस्तावना.” प्रस्तावना त्यांनी पुन्हा पुन्हा बदलायला लावली, नकाशा अजून धड पाहिलेला नाही. बाहेरून सल्लागार आणलेत. त्यांनी नमुना म्हणून कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचा आराखडा दिला, त्यात समुद्राखालून जाणाऱ्या केबलवर एक अख्खं प्रकरण होतं. आपल्याकडे धड तळंसुद्धा नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणे तेवढं वगळा. मीटिंग चालू असताना ऑफिसची वीज गेली. लगेच जनरेटर लागला. साहेबांनी वर बघून “एसी कोणी कमी केला?” एवढंच विचारलं. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं बाबा, पण भिंतीसुद्धा काचेच्या आहेत.

तर तो नकाशा. ज्या लाइनवरून खूप तक्रारी येतात ती लाल, थोड्या येतात ती पिवळी, येतच नाहीत ती हिरवी. लाल आधी सुधारायची, हिरवी अगदी शेवटी. आणि पाण्याच्या टाकीपासून आपल्या गल्लीच्या टोकापर्यंतची लाइन, जिच्यावर नुसता कावळा बसला तरी दिवे जातात, जिच्याखाली मी मेणबत्तीवर अभ्यास करून इंजिनिअर झाले, ती लाइन नकाशावर हिरवी आहे. हिरवीगार. सगळ्या शहरात तिच्याइतकी निरोगी लाइन नाही म्हणे!

असं का, तर तिथून तक्रारच येत नाही. आणि तक्रार का येत नाही? तुमच्यामुळे!

दिवे गेले की कंपनीचा नंबर कोणी फिरवतच नाही. सगळे आपल्या फाटकाशी येऊन ‘काका’ अशी हाक मारतात. तुम्ही टॉर्च घेऊन बाहेर, लगेच कंपनीच्या लाइनमनला, आपल्या लंबूला फोन. तो तुमच्या हाताखाली तयार झालेला, तुमच्या शब्दाबाहेर नाही, शिडी घेऊन धावत येतो. दिवे येतात, लोक तुमचं कौतुक करतात, आणि कंपनीच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. ‘रिटायर झालो तरी माझ्या गल्लीतून एक तक्रार जाऊ दिली नाही’ हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती पुढे काढून सांगता. उद्या लंबूही रिटायर होईल, मग कोणाला फोन करणार?

मी साहेबांना म्हटलं, ही लाइन मला माहीत आहे, तिचा रंग चुकलाय. ते म्हणाले, “वडिलांच्या गल्लीसाठी रंग बदलायचा? उद्या पेपरात नाव येईल तुमचं.” आणि ते बरोबर बोलले, याचाच मला जास्त राग आला. त्या रेषेला मला हात लावता येत नाही.

म्हणून हात जोडून सांगते. पुढच्या महिन्यात लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक आहे, कंपनीच्या सभागृहात. तोवर दिवे गेले की तक्रार नोंदवा, नोंद क्रमांक मागून घ्या, शेजाऱ्यांनाही नोंदवायला लावा. आणि लंबूला फोन करू नका. तक्रार केंद्रातून सांगितल्यावर तो आला तरच ते धरलं जातं. वेळ लागेल, म्हणून आईसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर पाठवतेय. दुकानाचा माणूस घरी येऊन लावून दाखवेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, शिकून घ्या.

तुमची,
वैतागलेली लेक


सोमवार, २४ तारीख

ती. बाबांना,

नमस्कार. तुमचं चार पानी उत्तर मिळालं. त्यातल्या साडेतीन पानांत माझ्या आराखड्याच्या चुका आहेत. ट्रान्सफॉर्मरबद्दल तुम्ही लिहिलंय ते पटलं, दुरुस्त करते. राहिलेल्या अर्ध्या पानाबद्दल लिहिते.

‘ज्याने जन्मभर लोकांच्या तक्रारी मिटवल्या त्याने आता तक्रार करायची?’ असं तुम्ही विचारता. हो, करायची. ‘लंबूच्या पोटावर पाय येईल.’ नाही येणार. उलट त्याने केलेलं काम पहिल्यांदा कुठेतरी नोंदलं जाईल. ‘दुकानाच्या माणसाला दारातूनच परत पाठवला, मला कोणी शिकवायला नको.’ बाबा, काय बोलू तुम्हाला?

आणि मग हे: ‘सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, मी त्यावर टोपी अडकवतो. तुझ्या आईला त्याची गरज नाही. दिवे गेलेले तिला कळतसुद्धा नाहीत.’

हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली. आईने मला शप्पथ घातली होती. ती मी आज मोडतेय. तिची मी माफी मागीन, तुमची नाही.

गेल्या महिन्यात टाकीजवळची तार तुटली होती ती संध्याकाळ आठवते? तुम्ही कोपऱ्यावर टॉर्च धरून उभे होतात. लंबू वर चढलेला, भोवती तीन गल्ल्यांतली माणसं, कोणीतरी तुम्हाला चहा आणून दिला. घरात आईचं मशीन बंद पडलं. तिने तुम्हाला हाका मारल्या. तुम्हाला कुठल्या ऐकू जाणार? रस्त्यावर तुमचाच आवाज सगळ्यांत मोठा.

मग तिने कंपनीला फोन केला. होय, आईने! पलीकडची मुलगी म्हणाली, “आजी, तुमच्या लाइनवर बिघाड दिसत नाही. घरातला मेन स्विच बघून घ्या.” तिची चूक नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावरही आपली लाइन हिरवीच दिसत होती, आणि हिरवं म्हटल्यावर तिने नोंदही घेतली नाही. म्हणून आई स्टूल घेऊन पॅसेजमध्ये मेन स्विच बघायला गेली. स्टुलावर चढायचं बळ नव्हतं. तिथेच भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली. दिवे आले तेव्हा भिंतीला धरून धरून मशीनपर्यंत पोचली. तुम्ही घरात आलात, म्हणालात, “बघ, किती पटकन आणली!” ती म्हणाली, “हो.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा तिने मला फोन केला. हसत हसत सांगत होती, मग खोकायला लागली. म्हणाली, “त्यांना सांगू नकोस गं. इतके खूश होते काल.”

मी चिडलेय. कंपनीवर, साहेबांवर, त्या नकाशावर, आईच्या गप्प बसण्यावर, पण सगळ्यांत जास्त तुमच्यावर. लहानपणी दिवे गेले की मला कधीच भीती वाटली नाही, कारण बाहेर तुम्ही असायचात. आता आईला तुम्ही घरात हवे आहात, बाबा. बाहेरचं कंपनीला करू द्या. ते तिचं काम आहे, आणि ते तिच्याकडून करून घेण्यासाठीच हा कायदा झालाय.

हे पत्र आईला दाखवू नका. टोपी दुसरीकडे अडकवा.

तुमची लेक


गुरुवार, ४ तारीख

चि. वैतागलेल्या लेकीस,

अनेक आशीर्वाद. नातीचे केस पाहिले. ओरडलो नाही.

मंगळवारी संध्याकाळी दिवे गेले. सवयीने टॉर्च उचलला, चपला घातल्या, मग परत काढल्या. सिलिंडरवरची टोपी काढली. नळी कुठे लावायची ते मला कळेना. तुझ्या आईनेच दाखवलं. मी दुकानाच्या माणसाला दारात झापून परत पाठवला तेव्हा जाता जाता तो तिला खिडकीतून सांगून गेला होता म्हणे.

नंबर फिरवला. पोरगी म्हणाली, बिघाड दिसत नाही, मेन स्विच बघा. मी म्हटलं, “बाळ, तो मेन स्विच मी स्वतः बसवलाय. तू लिहून घे.” ती म्हणाली, “तक्रारदार कोण?” मी माझं नाव सांगितलं. जन्मात पहिल्यांदा.

मंडळी फाटकाशी आली. मी खिडकीतूनच सांगितलं, आपापल्या फोनवरून तक्रार करा. समोरच्या हेडमास्तरांना वाटलं मी आजारी आहे. लंबूने आपणहून फोन केला. “दादा, तुमच्याकडे गेलेत ना? निघू का?” म्हटलं, केंद्रातून सांगतील तेव्हा ये. तो म्हणाला, “रागावलात का माझ्यावर?” त्याला समजावताना मला घाम फुटला. दिवे यायला किती वेळ लागला ते मी लिहीत नाही, तुझ्या कॉम्प्युटरला आता ठाऊक आहे. कंपनीला मी मनात भरपूर शिव्या घातल्या. आपण आजवर त्यांना किती पाठीशी घातलं!

तेवढा वेळ मी तुझ्या आईजवळ बसलो होतो. सिलिंडर चालू होता, काळजी करू नकोस. पण तरीही ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून, समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मी विचारलं, “दिवे गेले की तू अशीच बसतेस?” म्हणाली, “तुम्ही बाहेर असता.”

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि दिवे गेल्यावर माझी बायको कशी बसते हे मी मंगळवारी पाहिलं.

पॅसेजचं मी तिला विचारलं नाही. तुझं पत्र शर्टाच्या खिशात असतं. तिने ते पाहिलंय. तीही विचारत नाही.

बैठकीला मी येतोय. मला कमी ऐकू येतं, पुढची खुर्ची ठेव, पण ओळख दाखवू नकोस, नाहीतर तुझे साहेब म्हणाले तसं पेपरात नाव यायचं तुझं. आणि तोवर एक काम कर. तुझ्या नकाशावर जितक्या हिरव्या गल्ल्या आहेत तितक्यांत जाऊन माझ्यासारखा एकेक म्हातारा शोध. टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभा असेल. त्याला म्हणावं, घरात जा.

नोंद क्रमांक घेतलाय, टोपीत ठेवलाय.

आपला,
तक्रारदार
(बाबा)