असुंताताईची खुर्ची आणि शहराचा कर

साउथ फिलाडेल्फिया
१४ नोव्हेंबर १९९५

चि. गाएतानोस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू शहर सोडलंस त्या दिवशी मी तुझ्याशी फोनवर बोलणार नाही अशी शपथ घेतली. पत्र लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं.

पगारातून शहराचा कर कापतात म्हणून साठीला टेकलेला माणूस वेस ओलांडून अपर डार्बीला राहायला जातो, हे गल्लीत अजून कोणाला पटत नाही. कर सुटला का ते कळव.

शेजारच्या मिसेस डोहर्टी लेकीकडे फ्लोरिडाला निघाल्या. घर विकायला काढलंय. तुझ्यासाठी म्हणून सांगत नाहीये. पण आमचे हे गेल्यापासून भिंतीपलीकडचा त्यांचा टीव्ही तेवढी सोबत होती. आता रात्री घर खायला उठेल.

रविवारी जेवायला येत जा. माया आहे, राग त्याहून थोडा जास्त आहे.

तुझी ताई, असुंता


अपर डार्बी
२ डिसेंबर

ती. असुंताताईस सा. न.

वि. वि. हसणार नसशील तर सांगतो. कर सुटला नाही. खोक्यांचा कारखाना शहरात, म्हणून माझ्या पगारावर शहराचा हात. मी झोपतो कुठे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बाहेरून येणाऱ्याला किंचित कमी पडतो, पण इकडचा पाव असला भिकार आहे, की वाचलेले पैसे तुमच्या कोपऱ्यावरचा पाव आणायला पेट्रोलात जातात. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

पण थांब. जानेवारीत कारखानाच शहराबाहेर हलतोय. घर बाहेर, काम बाहेर, कर शून्य. मग बघू कोण हसतं ते.

धाकट्यावर लोभ ठेवायला कर पडत नाही, तेव्हा सढळ हाताने ठेव.

गाएतानो


साउथ फिलाडेल्फिया
१६ जानेवारी १९९६

चि. गाएतानोस आशीर्वाद, थोडेच.

एवढं बर्फ पडल्यावर आठवड्याने रस्ते उघडले, तर रविवारी येशील म्हणून सकाळपासून लाल ग्रेव्ही रटरटत ठेवली. मांसाच्या गुंडाळ्या तुझ्या आवडीच्या, मनुका घालून. दोन वाजेपर्यंत खिडकीशी बसले. कर सुटला म्हणून बहीणही सुटली का?

असुंता


अपर डार्बी
१९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

देवाशपथ, आलो होतो. सगळ्या गल्लीत गाडी लावायला एकच जागा मोकळी, तीही तुझ्या दारासमोर, आणि तिच्यात बर्फाने माखलेली कोणाची तरी खुर्ची. दुसऱ्याने बर्फ उपसून अडवलेल्या जागेवरची खुर्ची हलवू नये, हे तूच मला लहानपणी कान पिळून शिकवलंस. तीन चकरा मारल्या आणि परत गेलो. घरी अंडी खाल्ली.

गाएतानो


साउथ फिलाडेल्फिया
२३ जानेवारी

गाएतानो,

अरे शहाण्या, ती माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची होती. ती जागा मी उपसली, पाठ अजून धरलीये. मला गाडी आहे का? मग कोणासाठी उपसली असेन?

शेजारच्या घराला गिऱ्हाईक येतंय म्हणतात. मी तुला काही सांगत नाही.

असुंता


अपर डार्बी
११ फेब्रुवारी

ती. असुंताताईस सा. न.

तुझं पत्र वाचून खुर्चीतच बसून राहिलो. मग मिसेस डोहर्टींना फोन केला. आता गिऱ्हाईक मीच. कागद झाले.

कारखान्यातल्या हिशेबाच्या बाईंना नवा पत्ता दिला. त्या म्हणाल्या, आता कुठे तुमचा कर बंद झाला होता. शहरात राहायला गेलात तर काम जगाच्या पाठीवर कुठेही करा, पगारावर कर भरावाच लागेल, आणि बाहेरच्यांपेक्षा जास्त. सगळे लोक शहरातून बाहेर पळतात, तुम्ही उलटे निघालात, तब्येत बरी आहे ना, असंही विचारलं. मी म्हटलं, बाई, शेजारी बहीण आहे, त्या मानाने कर स्वस्त पडतो.

शनिवारी सामान घेऊन येतो. टीव्ही मोठ्याने लावीन, भिंतीला कान लावायचा त्रास नको.

तुझा मूर्ख भाऊ


साउथ फिलाडेल्फिया
१४ फेब्रुवारी

चि. गाएतानोस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझ्यासारखा मूर्ख या शहरात दुसरा नाही. पत्र वाचून रडले, आणि मग गल्लीभर सांगून आले.

पुन्हा बर्फ पडणार म्हणतात. शनिवारी दारासमोर खुर्ची ठेवलेली असेल. या वेळी उचल.

असुंता