लग्नाची साक्ष

ह्यूस्टन

प्रिय ग्रिसेल्डा,

तुझ्या भावाचा मार आपण दोघींनी खाल्ला आणि दोघीही गप्प बसलो. "तक्रार केलीस तर मेक्सिकोला पाठवून देईन," मला म्हणायचा. साफ खोटं! मी एका वकीलबाईंना विचारून आले. नवरा अमेरिकन नागरिक असून मारत असेल, तर त्याच्या सहीशिवाय मला इथे राहायचा अर्ज करता येतो. मार आणि लग्न, दोन्ही खरं होतं हे दाखवावं लागतं. आणि मी संतापून लग्नाचा अल्बमच जाळला! वकीलबाई म्हणाल्या, "अगं बये, पुरावाच पेटवलास?"

तुला आलेली पत्रं तोच फोडतो, म्हणून हे टपालात टाकणार नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर समोरासमोर सांगेन. काय सांगायचं ते विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते. लग्नात आम्हा नवराबायकोला एकत्र बांधणारी दोरी आमच्या खांद्यांवर तूच घातलीस, माझ्या पाठीवरचे वळही तूच पाहिलेस. ते सगळं लिही आणि खाली सही कर.

तुझी वहिनी,
ओरालिया