उत्तर आरोपीनेच द्यायचं

मंगळवार, १४ मार्च, सकाळी सव्वासात. कोर्टात घालायच्या शर्टाला इस्त्री करतो आहे.

ती. मामांस सा. न.

"उभा राहा आणि 'कबूल' म्हण. बाकी मी बघतो," असं तुम्ही काल म्हणालात. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे उत्तर नव्हे, हे साक्षीदारांना तुम्हीच पढवता.

मी नोकरी करतो त्या पेढीच्या मालकांनी सांगितलं म्हणून मी सह्या केल्या आणि ठेवीदारांचे पैसे मालकांच्याच मेहुण्याच्या कंपनीत गेले. आता मालकांना काहीच ठाऊक नव्हतं, असं तुम्ही ठरवलंय. "तू लहान आहेस, दंडावर सुटशील. त्यांच्या अब्रूचा प्रश्न आहे रे." आणि माझी अब्रू काय घडी घालून कपाटात ठेवू?

आई म्हणते, "मामा आपला आहे, फुकट लढतोय." परवा तुमच्या कारकुनाने चहा पिता पिता सांगून टाकलं, की माझ्या खटल्याची फीही तुम्हाला मालकांनीच दिली आहे.

आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांत तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने बोललात. पण 'गुन्हा कबूल आहे का?' याचं उत्तर आरोपीने स्वतःच्या तोंडाने द्यायचं असतं, हेही तुम्हीच शिकवलंत. आज मी 'नाही' म्हणणार आहे.

हे पत्र पाठवत नाही. आधी कळलं, तर कोर्ट भरेपर्यंत तुम्ही त्यावर तोड काढाल.

तुमचा, अजूनही भाचाच

ता. क. नव्या वकीलबाईंना पाचशे दिले, दीड हजार देणे आहे. तुमचं देणं काही नाही. ते मालकांनी फेडलं.