भरतीपारचा देश आणि गोदाजीचा चिंचोका

मी, सॅन्टन पास्कोल मच्याडो, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी बोटीवर स्वयंपाकी, हल्ली केळीची वाडी सांभाळणारा, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्याच घराच्या ओटीवर बसून, राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात काळीज थकलंय. डोकं थकलेलं नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर पटावर बसून पाहावं. अजून मुदत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात फक्त भांडीच असती.

कलम एक. घर, विहीर आणि वाडी माझा मुलगा रॉबर्ट याला. तो कुवेतला असतो. वाडी विकायची की ठेवायची हे त्याने ठरवावं; मेलेल्या माणसाने जिवंताच्या पायात दोर बांधू नये. मात्र घर उभं आहे तोवर दर रविवारी मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर दिवे लागेपर्यंत ओटी रिकामी ठेवावी. रॉबर्ट याला बाबाचं खूळ म्हणतो. खूळ तर खूळ. ओटीवर त्याने कांदे पसरू नयेत.

कलम दोन. बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीची मुलगी लूर्डस हिला. ती शाळेत भूगोल शिकवते आणि असलेल्या देशांपेक्षा नसलेल्या देशांचे नकाशे छान काढते. पैशांचं काय करायचं हे तिला कोणी शिकवू नये.

कलम तीन. बोटीवरचे दोन मोठे टोप आणि झारा गावाला, लग्नकार्यासाठी. घासून परत ठेवावेत.

कलम चार. चुलतभाऊ फ्रेडरिक याने माझी छत्री नेली ती आणली नाही. ती आता त्याची. याच फ्रेडरिकने फादरना जाऊन सांगितलं होतं की सॅन्टनच्या ओटीवर भुतं बोलावतात. फादर आले, थोडा वेळ बघत उभे राहिले, मग लूर्डसला म्हणाले, "जरा सरक गो." त्या दिवशी ते आमच्या खेळात नावाडी झाले आणि दुसऱ्याच वळणावर होडी बुडवून बसले. फ्रेडरिकला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. आता वाचून कळेल.

कलम पाच. आता खरी मिळकत. तिचा सातबारा कुठल्याही तलाठ्याकडे मिळणार नाही. शहात्तर साली मी बोट कायमची सोडली, तेव्हा एका परदेशी खलाशाने मला वीस तोंडांचा फासा आणि एक खेळ दिला. खेळ सोपा. एकाने देश सांगायचा, बाकीच्यांनी त्यात माणसं होऊन हिंडायचं. सांगणारा विचारतो, "तू काय करतोस?" खेळणारा सांगतो. जमतं की नाही ते फासा ठरवतो. खलाशाचा देश बर्फाचा आणि किल्ल्यांचा होता. मला बर्फ कुठून जमणार? मी आपला देश केला. भरती पूर्ण चढली की पाण्यापलीकडे जो दिसतो, तो भरतीपारचा देश.

त्याच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस धुक्याची वाडी, तिथली झाडं कोणी पाहत नसताना जागा बदलतात, म्हणून वाट विचारायची तर झाडाला नाही, सावलीला विचारावी. दक्षिणेस चंद्राचा धक्का. ओहोटीला चंद्र तिथे चिखलात रुततो आणि गावची माणसं दोर लावून त्याला पाण्यात लोटतात. हात दिवसभर उजळ राहतात. पश्चिमेस बरण्यांचं शहर. तिथे माणूस गेला की त्याचं हसणं बरणीत भरून ठेवतात आणि सणाला झाकण थोडं उघडतात. उत्तरेस काय आहे ते मला ठाऊक नाही. तिकडे अजून कोणी गेलं नाही, आणि कोणी गेल्याशिवाय तिथे काही असत नाही.

हा देश मी कुठे लिहून ठेवलेला नाही. जुन्या शिडाच्या कापडावर कोळशाने काढलेल्या रेघा आहेत, तोच आमचा पट, बाकी सगळा आमच्या चौघांच्या डोक्यात आहे. प्रत्येकाचा एकेक चिंचोका, खूण कोरलेला. लूर्डस दिवे लावत फिरणारी बाई. तुळशीदास राऊत, बँकेत कारकून, जन्मात कोणाची टाचणी उचलली नाही, तो तिथे अट्टल चोर. आणि होळी गावचा दिवाकर म्हात्रे, केळीबागाईतदार, तिथला शूर गोदाजी.

आमचा एकच नियम. चिंचोका पटावरून मी उचलून ज्याचा त्याच्या तळहातावर ठेवला, की ते माणूस मेलं. तोवर नाही.

कलम सहा, दिवाकरविषयी. पाच वर्षांपूर्वी आम्ही झोपलेल्या राजाच्या बागेत पोचलो. राजा श्वास घेई तशी केळीची पानं वर-खाली होत, आणि बागेबाहेरचा पूल त्या केळींच्या मुळांवर तोललेला होता. मी बजावलं होतं, फळ घ्या, झाड तोडू नका. दिवाकरने लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, उतरवला आणि त्याच दमात म्हणाला, "आणि केळ कापली."

मी विचारलं, "कापली?"

"मंग? लोंगर दिलेली केळ कापायची नाय तं काय तिची पूजा करायची? बुडाशी येणाऱ्या पिल्लांना जोर कसा मिळंल?"

वसईच्या कुठल्याही बागाईतदाराने हेच केलं असतं. हाताला सवय, तोंडाला काय दोष. पण मुळं सुटली, आणि गोदाजी पुलावरून परतत असताना पूल ढासळला. मी म्हटलं, फासा टाक, काठ पकडता येतो का बघू. एक पडला. वीस तोंडांतलं नेमकं सगळ्यांत वाईट ते.

"परत टाकतो," दिवाकर म्हणाला.

"परत नाही."

"सॅन्टनभाऊ, झाड मला ठावं का तुला? रहाटावर माझा जन्म गेला!" असं म्हणून चपला घालून तो गेला, तो आजतागायत ओटीवर चढला नाही. बाजारात भेटतो. केळीच्या भावाचं बोलतो. डोळ्यांत बघत नाही.

माझं चुकलं नव्हतं, हे मी इथे कायद्याच्या कागदावर नोंदवतो. फासा पडला तो पडला. पण मला त्याची फार आठवण येते. लूर्डस हुशार आहे, तुळशीदास गमतीचा आहे, पण खेळ संपल्यावर सोमवारी सायकल थांबवून "भाऊ, त्या नावाड्याच्या पोरीचा ताप उतरला का?" असं विचारणारा एकच होता. त्याने विचारलं की खेळातल्या त्या पोरीचं दुखणं मला खरं वाटायचं. लूर्डसला मी देश देऊ केला, तर ती म्हणाली, "दिवाकरकाका नाहीत तर तिथे राहतंय कोण?"

म्हणून भरतीपारचा देश, शीड, फासा आणि चिंचोके मी दिवाकर म्हात्रे याला देतो. साक्षीला आपल्याला का बोलावलं नाही म्हणून तो रागावेल. त्याला सांगावं, ज्याला काही मिळायचं असतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकील म्हणाले. तुळशीदासला मी काही दिलेलं नाही. चोर आहे, त्याने आधीच घेतलं असेल.

कलम सात. गोदाजीचा चिंचोका मी कधी उचललाच नाही. दिवाकर उठून गेला तेव्हा तो पूल आणि पाण्याच्या मधे होता, आणि मी चर्चमधल्या मेणबत्तीचं मेण लावून तो तिथेच चिकटवला. तेव्हापासून आम्ही शीड गुंडाळतो, उलगडतो, आणि त्याला वळसा घालून जातो. गोदाजी अजून हवेत आहे. कापलेल्या केळीच्या बुंध्याला पिल्लं फुटली का, ती वाढून काठावरून खाली ओणवली का, हे मी ठरवलेलं नाही. केळीतलं मला कळत नाही असं तोच म्हणाला होता.

मला माती दिल्यावर येणाऱ्या रविवारी लूर्डसने ओटीवर शीड अंथरावं. दिवाकरच्या बायकोला, प्रेमलतावहिनींना, आधीच निरोप द्यावा; त्या त्याला हाताला धरून आणतील. फासा त्याच्या हातात द्यावा. आकडा खोटा मोजू नये, मी मेलो म्हणूनसुद्धा नाही. वाईट पडला तर चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवावा आणि तिथून पुढे देश त्याने सांगावा. पण फासा टाकण्याआधी माझ्या वतीने एवढंच म्हणावं:

पूल गेला, गोदाजी. खाली पाणी आहे, वर केळीचं पान हलतंय. तू काय करतोस?

लिहून देणार: सॅन्टन पास्कोल मच्याडो (सही)

ठिकाण: सांडोर, वसई
तारीख: ९ नोव्हेंबर १९८६

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही एकमेकांसमक्ष केली:
१. तुळशीदास राऊत, बँकेत कारकून (सही)
२. बर्नार्ड लोपीस, शेजारी (सही)