दरबारात राजा एकटाच

७ जून १९८७, रविवार, सकाळी

आजपासून ही वही. कोणाला दाखवायची नाही. टीव्हीचा जो सत्यानाश चाललाय त्याची कुणीतरी नोंद ठेवायला हवी, आणि आमच्या वाडीत मी सोडून टीव्हीतलं कळतं कुणाला? १९७३ साली मी मुंबईला शेटजींची गाडी चालवायचो, तेव्हा त्यांच्या हॉलच्या दारात उभा राहून टीव्ही बघितलेला माणूस आहे मी. तेव्हा हे वाडीवाले रेडिओच्या मागे कोण बसलाय ते शोधत होते.

आज सकाळी देवादिकांची मालिका. खळ्यात चपलांचा ढीग, घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि पडद्यावर काय? दरबार भरलाय म्हणे, आणि राजा एकटाच! प्रधान नाही, भालदार नाही, कडेला नुसता काळोख. शेटजींकडे भजन लागलं की पेटीवाल्यापासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत सगळे दिसायचे. कमळेला म्हटलं, गो, दिल्लीवाल्यांना चार माणसं उभी करायला परवडत नाहीत वाटतं. ती म्हणाली, अहो, दोन्ही बाजूंना रांगा लावून बसलेत की सगळे. मी एक म्हटलं की ही दोन म्हणणार. लग्नापासून असंच.

सेट तोच, मी नोकरी सोडताना शेटजींनी दिलेला, लाकडी दारांचा. डोळे तेच. मग बिघडलं काय? दूरदर्शन.

९ जून

पडदा स्पिरिटने पुसला. मग राखेने. मग कमळेच्या जुन्या लुगड्याने. कोपरे काळेच.

संकल्प: रविवारच्या आत अँटेनाचा निकाल लावायचा.

१३ जून, दुपारी

सदूला फणसावर चढवला. सदू म्हणजे कमळेचा भाऊ, माझ्या प्रवासी मेटॅडोरवर क्लीनर. वय पन्नास, अक्कल पाच. अँटेना चारी दिशांना फिरवून झाली. एकदा चित्र पार गेलं तेव्हा शेजारच्या पोरांनी शिमग्यासारखी बोंब ठोकली. कोपऱ्यांत फरक नाही.

आत येताना बादलीत पाय गेला, नडगी सोलली. कमळेला विचारलं, बादली वाटेत ठेवतात का? म्हणाली, वीस वर्षं तिथेच आहे. हळद लावताना उगाचच माझ्या तोंडाकडे बघत बसली.

२२ जून

नवाच प्रकार. दिवेलागणीला निवळीच्या फेरीहून परत येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली. इंद्रधनुष्याची, गोल गोल. सदूला विचारलं तर म्हणतो, मला नाही बा दिसत. त्याला काय दिसणार! मी ओळखलं. टीव्हीचा रिले टॉवर आल्यापासून हवेत त्या लहरी सुटल्यात, त्यांचा हा प्रताप. १९७३ साली दिव्यांना कडी नव्हती.

४ जुलै

गंगुबाई म्हावरेवाली डाव्या बाजूने उपटली. रस्ता मोकळा होता, शपथेवर सांगतो. ब्रेक मारला. बाई वाचली, पाटी उडाली, रस्ताभर बांगडे. काय तोंड त्या बाईचं! मेल्या, डोळे काय खाडीत टाकून आलास, म्हणाली. आख्ख्या बाजारासमोर. मी गाडीतूनच सुनावलं की टीव्ही बघून बघून लोकांना रस्त्यावर चालायचं भान राहिलेलं नाही. तर म्हणते, माझ्या घरात वीजच नाही!

सगळे बांगडे घ्यावे लागले. दोन दिवस बांगडेच.

१२ जुलै

सदूची मजल फार वाढली आहे. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकतो आणि ओरडतो, भावोजी, सायकल! भावोजी, म्हैस! म्हटलं, अरे, वीस वर्षं गाडी चालवतोय, मला म्हैस शिकवतोस? पुढच्या वळणाला परत, भावोजी, गडगा! गडगा खरोखरच होता. डावा आरसा गेला. चिऱ्याच्या कुंपणाचा गडगा लोक आता रस्त्याला इतका चिकटून घालतात, कायदाच राहिलेला नाही.

रोज माझ्या गाडीने शाळेला जाणाऱ्या तीन मास्तरीणबाई आताशा निवळीलाच उतरतात आणि पुढे चालत जातात. चालणं तब्येतीला बरं म्हणे. भर पावसात.

१९ जुलै

हुसेनकडे रंगीत टीव्ही आला. हुसेन आमचा शेजारी, कुवेतला असतो, तीन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय. आज मालिकेला सगळी वाडी तिकडे. माझ्या खळ्यात चपलांचा एकच जोड, तोही माझा. कमळासुद्धा गेली. जाऊ दे. गाढवाला गुळाची चव काय.

दहा मिनिटांनी मीही गेलो. रंग बघायला नाही, तपासणीला. आणि काय सांगू! राजा एकटाच! तोच काळोख, त्याच दोन्ही कडांना! नवा कोरा जपानी सेट, तरी तेच. म्हणजे माझा सेट निर्दोष, माझी अँटेना निर्दोष, दोष वरूनच येतोय. एवढा आनंद झाला की सगळ्यांसमोर टाळी वाजवली. कोणी हसलं नाही.

हुसेन दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, केरूदादा, राग मानू नका, आमच्या अम्मीचं अस्संच सुरू झालं होतं. अगोदर म्हणायची दिवे नीट लागत नाहीत. मग उंबऱ्याला अडखळायला लागली. शेवटी तर मोरीपर्यंत हात धरून न्यावं लागायचं. डॉक्टरला दाखवा. त्याला सांगितलं, बाबा रे, तुझ्या अम्मीने टीव्ही कधी बघितला होता का? मग संबंध काय? त्याने माझा हात सोडला नाही. पायरी उतरेपर्यंत धरून होता. आखातात राहून माणसं हळवी होतात.

२१ जुलै

लोकांची तोंडं बंद करायची म्हणून बाजारात चष्मेवाल्याकडे गेलो. भिंतीवरचा तक्ता वाचला. वरच्या मोठ्या अक्षरापासून थेट खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत! चष्मेवाला म्हणाला, काका, नंबर नाही, नजर तयार आहे. त्याने आणखी एक वाक्य जोडलं, की मी नुसता नंबर बघतो, बाकीचं डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. धंद्यात एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवायची पद्धत असते, मला माहीत आहे.

घरी येऊन जाहीर केलं. कमळा म्हणाली, बरं झालं हो. पण तोंडावर बरं झाल्यासारखं काही दिसेना. निघताना दुकानाच्या दाराची चौकट खांद्याला लागली ते तिला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट

परत हुसेनकडे, रंगीत टीव्हीवर. आता राजाचे हातसुद्धा दिसेनात. मुगुट, मिशी, छाती. बस्स. कमळेला विचारलं, हात कापले काय त्याचे? ती उठून आत गेली. आत मुसमुसल्यासारखं वाटलं. मालिका करुण असली की बायका रडतात.

संकल्प: गणपतीनंतर दिल्लीला सविस्तर तक्रार.

३० ऑगस्ट

गणपतीचा सीझन. मुंबईचे चाकरमानी, गाडी गच्च. पुढच्या सीटवर एक सासुरवाशीण, मांडीवर तान्हं मूल. घाटाच्या उतारावर सदूने एकाएकी माझ्यावर झेप घेतली आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मी शिव्या घातल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, अहो, पुढचं चाक दगडावरून गेलं. डावीकडे खाली दरी आहे. मी मान वळवून बघितलं. होती.

उतरताना त्या पोरीने मूल छातीशी घट्ट धरलं होतं, माझ्याकडे न बघता गेली. रत्नागिरीला आल्यावर सदू म्हणाला, भावोजी, मी लायसन काढलंय, चार महिने झाले. यापुढे मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. घरचा भेदी! चार महिने माझ्या पाठीमागे! ताबडतोब गाडीवरून काढून टाकला.

मला रात्रभर झोप लागली नाही. राग होता म्हणून.

६ सप्टेंबर

सदू रोज सकाळी येऊन गाडीत डाव्या बाजूला बसतो. काढून टाकलेला माणूस. काय करणार, हाकलला तर कमळा जेवत नाही.

२० सप्टेंबर

टीव्ही बघणं बंद केलं. निषेध म्हणून. लाकडी दारं लावून टाकली. कमळा हल्ली बोलताना माझ्या अगदी समोर येऊन उभी राहते आणि मग बोलते. म्हातारपणी नाही ते लाड.

संकल्प: दसऱ्यापासून सगळं नव्याने. गाडीला रंग, नवा आरसा, सकाळी गाजराचा रस.

२ ऑक्टोबर, दसरा

लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. नारळ मी फोडला. मग मीच कमळेला म्हटलं, गो, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेव, मी गाडी पुढे घेतो. दर वर्षी असंच करतो. मी वर चढलो. समोर खळं मोकळं होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं, तुळशीचं पान न् पान. मी गाडी पुढे सोडली.

चाकाखाली काहीतरी आलं. म्हटलं लिंबू.

मग सदू ओरडला. असा ओरडताना मी त्याला कधी ऐकला नव्हता.

ती डाव्या चाकाशी उकिडवी बसली होती. लिंबू ठेवत होती. मीच सांगितलं होतं.

३ ऑक्टोबर, हॉस्पिटल

कमळेचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोडलाय. प्लॅस्टर. हुसेनने आपल्या गाडीतून आणलं. कमळा डॉक्टरांना सांगते, मीच पुढे सरकले, ह्यांची काही चूक नाही. सदूने तोंड उघडलं तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो व्हरांड्यात निघून गेला.

मी सांगून टाकलं की तिथे कुणी नव्हतं. म्हणजे मला तिथे कुणी दिसलं नाही.

बाहेर येताना औषधांच्या ढकलगाडीवर आदळलो. बाटल्या फुटल्या. नर्सबाई ओरडली नाही, डोळ्यांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेऊन आली.

५ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर पोरगेलेसे. तक्ता वाचायला सांगितला. खालपर्यंत वाचला, धडाधड. म्हटलं, बघा. ते म्हणाले, छान. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, एक डोळा झाका, माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि मी किती बोटं दाखवतोय ते सांगा. मी नाकाकडे बघितलं. वाट बघितली. शेवटी म्हटलं, साहेब, आधी बोटं दाखवा तरी. ते हळूच म्हणाले, दाखवतोय, काका. केव्हाची दाखवतोय. तुमच्या बायकोनेही हात वर केलाय.

काचबिंदू म्हणतात त्याला. कडेकडेने खात येतो, दुखत नाही, अक्षरं शेवटपर्यंत दिसतात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने राखायचं. गाडी आजपासून बंद. मी विचारलं, आणि टीव्ही? ते म्हणाले, बघा की.

चावी सदूला दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि खाली बघत उभा राहिला.

आता संध्याकाळ. घरात कसलाच आवाज नाही. लिहिता लिहिता वाटलं, कमळा हुसेनकडे गेली असेल. हाक मारली. म्हणाली, अहो, इथेच तर बसल्येय मघापासून, तुमच्या डाव्या हाताला.